अजून नाही

१

माहनूर शेखच्या कामाचं नाव लांबलचक होतं, काम मात्र बारीक. पवना धरणाच्या फुगवट्यात कोणकोणत्या माशांची वीण होते याची पाहणी पुण्याची एक संस्था करत होती. काठावरून दर आठवड्याला स्पिरिटच्या बाटल्यांतून येणारी माशांची पिल्लं ओळखायची आणि नोंदवायची, एवढ्यासाठी लोणावळ्यात एक खोली घेऊन तिला तिथं बसवलं होतं. खाली चिक्की पॅक करायची शेड, वर ही खोली. खोलीत स्पिरिटचा वास आणि फरशीतून वर येणारा गुळाचा. दोन्ही मिसळून जे काही व्हायचं त्यानं पहिले दोन महिने तिचं डोकं धरलं होतं. मग डोकं सरावलं. माणूस कशालाही सरावतं, आणि तेच तिला हल्ली जास्त थकवत होतं.

मोठा मासा ओळखायला फारशी अक्कल लागत नाही. पिल्लाची गोष्ट निराळी. नखाएवढा जीव, अंग काचेसारखं, मिशा फुटायच्या, खवले यायचे, आणि आज दिसणारा ठिपका महिन्याभरात पुसला जाणार. म्हणून संदेशनं, पुण्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं, एक प्रोग्रॅम केला होता. त्याला सगळे 'किल्ली' म्हणत. पिल्लू मायक्रोस्कोपखाली ठेवायचं, किल्ली एकेक प्रश्न विचारणार, आपण बटण दाबायचं. मिशा आहेत का? शेपटीच्या बुडाशी ठिपका आहे का? दर उत्तरागणिक न जुळणाऱ्या जाती गळून पडत आणि कोपऱ्यातला आकडा उतरत जाई. एकेचाळीस, अठरा, पाच, एक. एकच उरली की हिरव्या अक्षरांत येई, 'ओळख पटली'.

बटणं तीन होती. आहे, नाही, अजून नाही. तिसरं बटण प्रदीप सरांच्या हट्टानं आलेलं. सर या पाहणीचे प्रमुख, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माहनूरला समोर बसवून सांगितलं होतं, "पिल्लाला कधी नाही म्हणायचं नाही. मिशा नाहीत म्हणालीस की मिशांचे सगळे मासे यादीतून गेले. आठ दिवसांनी त्याच पिल्लाला मिशा फुटल्या की तू खोटी पडलीस. अजून नाही म्हणायचं. म्हणजे पुढं येईल ते येऊ शकतं." माहनूरनं ते इतकं मनावर घेतलं होतं की 'नाही'चं बटण नव्यासारखं कोरं दिसे आणि 'अजून नाही'वरची अक्षरं बोटानं झिजून गेली होती.

सप्टेंबरमधल्या एका सोमवारी तिनं किल्ली उघडली तेव्हा कोपऱ्यात आकडा होता बेचाळीस. जाती एकेचाळीसच होत्या. एकेक तिनं स्वतःच्या हातानं भरली होती, तिला त्या शाळेतल्या हजेरीसारख्या पाठ होत्या. तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. एकेचाळीस नावं. कोपऱ्यात बेचाळीस. गेल्या आठवड्यातच संदेशनं किल्लीची नवी आवृत्ती चढवली होती, त्यातली काहीतरी गडबड असेल म्हणून तिनं नाद सोडला. महिनाअखेरपर्यंत सगळ्या बाटल्यांचा अहवाल द्यायचा होता.

२

घरी वेगळीच ओळखपरेड चाले.

माहनूरचे वडील अल्लाबक्ष यांनी लोणावळ्याच्या बाजारात चाळीस वर्षं मासे विकले. गोड्या पाण्यातला मासा त्यांना डोळे मिटून कळे. हातात घेतला, अंगठा फिरवला, की नाव तोंडात. जूनमध्ये किल्ली तयार होत होती तेव्हा माशांची मावळातली नावं हवी होती, म्हणून माहनूर त्यांना पाच-सहा दुपारी खोलीवर घेऊन गेली होती. माइकसमोर बसून त्यांनी एकेका माशाच्या खुणा सांगितल्या, नावं सांगितली. बोललेल्या खुणा आपोआप लिहून घ्यायच्या आणि नावाचा आवाज जसाच्या तसा ठेवायचा, अशी सोय संदेशनं केली होती. त्यामुळं पिल्लाची ओळख पटली की हिरव्या अक्षरांपाठोपाठ अब्बांचा आवाज येई. "मळ्या." किंवा, "मरळ." खणखणीत, बाजारातला आवाज.

घरात तो आवाज राहिला नव्हता. विसरण्याचा आजार तेव्हाच सुरू झाला होता, पावसाळ्यात तो धावायला लागला. माहनूरची अम्मी, मेहमुदा, जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी अब्बा रोज दिवेलागणीला विचारत, मेहमुदा आली का? डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांना नाही म्हणू नका, त्यांना दर वेळी नव्यानं धक्का बसतो. म्हणून माहनूर पोळ्या लाटता लाटता सांगे, "अजून नाही, अब्बा." दिवसभर बटणावर तेच, घरी तोंडात तेच.

जुलैपासून त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. ते तिला ताई म्हणत, अहोजाहो करत, आणि ताई उशीर झाला, तुमच्या घरचे वाट बघत असतील, असं अदबीनं सुचवत. माहनूरला बाकी कशाचं काही वाटेनासं झालं होतं, पण हे लागे. एकदा, फक्त एकदा त्यांनी माहनूर म्हणावं, एवढीच तिची मागणी उरली होती.

एक खूण मात्र शिल्लक होती. मासा ताजा आहे का बघायला कल्ला उचलतात, तसे ते रोज रात्रीच्या जेवणाआधी तिचा डावा कान पुढं दुमडत आणि मागं बघत. तिथं तीळ होता. तो दिसला की त्यांचा चेहरा सैल होई. "हां," ते म्हणत, "आपलीच आहे." मग तिच्या हातचं जेवत. नाव नसलं तरी आपलीच आहे हे काय कमी होतं. माहनूर त्या दोन शब्दांवर दुसरा दिवस काढी.

दिवसभर त्यांच्याजवळ शेजारच्या शालूबाई बसत आणि माहनूर आली की उठत.

३

धरणकाठच्या तिकोणा पेठेची बाटली गेणूआबा घेऊन येत. जन्म पाण्यात काढलेला म्हातारा, दर सोमवारी दुधिवरे खिंडीतून जीपनं लोणावळ्याला यायचा, बाटली टेबलावर ठेवायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. त्या सोमवारी नववी बाटली ठेवून चहा झाला तरी आबा बसून राहिले. बाटलीकडं बघत त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"ताई, ही पिल्लं येगळी हायती," ते म्हणाले. "बाकीची सावली पडली की पळत्यात. ही न्हाई पळत. मी वाकलो तर माज्या सावलीत येऊन थांबली. जाळी टाकलीच न्हाई मी. नुसती बाटली बुडवली, आपल्या पायानं आल्यागत आत आली. इस्पिरीट मागनं वतलं."

माहनूरनं विचारलं, कशाची असतील? आबांना सगळी पिल्लं ठाऊक. आबांनी मान हलवली आणि म्हणाले की तुमचं मशीन सांगंल.

मशीन सांगेना. तीन पिल्लं होती, करंगळीच्या नखाएवढी. तिनं एक बशीत घेतलं, नेहमीचे छत्तीस प्रश्न संपवले, आकडा दोनावर येऊन अडला. मग सदतिसावा प्रश्न आला. किल्लीत छत्तीसच प्रश्न होते.

'झोपेत डोळे: पूर्ण मिटतात / अर्धे मिटतात / अजून नाही.'

माहनूर खुर्चीत मागं टेकून हसली. माशाला पापण्याच नसतात, तो मिटणार काय. संदेशनं कुठल्या तरी दुसऱ्या प्रोग्रॅमचा तुकडा यात चिकटवला असणार. तिनं पिल्लाकडं एकदा बघितलं, पापण्या नव्हत्या हे उघडच होतं, आणि सवयीनं बोट तिसऱ्या बटणावर गेलं.

आकडा दोनच राहिला. तिनं नोंदवहीत लिहिलं, 'तिकोणा ९, ओळख बाकी', आणि दुसऱ्या जागेची बाटली घेतली. ती सरळ सुटली. "मळ्या," अब्बांचा आवाज म्हणाला.

त्या आठवड्यात तिला झोप मात्र चांगली लागली. रविवारी दुपारी ती सतरंजीवर आडवी झाली असताना शालूबाई वाटी मागायला येऊन गेल्या, आणि संध्याकाळी म्हणाल्या की बरं वाटलं बाई बघून, एरवी तुझे डोळे झोपेत अर्धे उघडे असतात, मला भ्या वाटतं, आज कशी गच्च मिटून झोपली होतीस.

४

दहाव्या बाटलीतही तीनच पिल्लं होती. पहिलं बशीत ठेवून तिनं मायक्रोस्कोपमधून बघितलं, आणि डोळा काढून घेतला.

खाली चिक्कीच्या शेडमध्ये बायका बोलत होत्या. स्टेशनवर कुठल्या तरी गाडीची घोषणा झाली. माहनूरनं काच पुसली, दिवा सरकवला, परत बघितलं. पिल्लाचे डोळे अर्धे मिटलेले होते. डोळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर कातडीची पातळ घडी उतरली होती आणि तिच्याखालून काळं बुबुळ दिसत होतं. तिनं दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. तिन्ही तशीच.

स्पिरिट कडक झालं की डोळ्यावर पांढरा पापुद्रा धरतो, हे तिनं शंभर वेळा पाहिलं होतं. स्पिरिटच असणार. तो पापुद्रा कधी असा अर्ध्यावर सरळ रेषेत थांबतो का, हा प्रश्न तिला पडला, पण थकलेल्या माणसाला प्रश्न पडतात आणि तो ते तसेच पडू देतो.

छत्तीस प्रश्न झाले. आकडा दोन. सदतिसावा प्रश्न आला नाही, अडतिसावा आला.

'डाव्या कानामागे तीळ: आहे / नाही / अजून नाही.'

तिचा हात आपसूक कानाकडं गेला. मग तिला संदेशचा राग आला. तिनं कधीतरी चहाच्या वेळी अब्बांची ती सवय त्याला सांगितली असेल, आणि हा तिची चेष्टा करत होता. माशाला कान नसतो. बाहेरून तरी नसतो. तिनं चिडून बटण दाबलं. चिडून दाबलं तरी बोट कुठं गेलं असेल ते सांगायला नको.

५

त्या संध्याकाळी अब्बांनी तिचा कान दुमडला आणि तसाच धरून ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. त्यांचा अंगठा मागच्या कातडीवर फिरला, माशावर फिरायचा तसाच.

"नाही," ते म्हणाले आणि हात काढून घेतला.

ते जेवले नाहीत. माहनूरनं ताट पुढं सरकवलं की ते नम्रपणे मागं सरकवत. ती आत गेली, फोन कानामागं धरून फोटो काढला. हलला. दुसरा काढला. कातडी साफ होती. तिनं उजव्या कानाचाही काढला. तिथंही काही नव्हतं.

मोरीतल्या पाटावर बसून ती विचार करत राहिली. तो तीळ तिनं स्वतः कधी पाहिला होता? कधीच नाही. कानामागचं कोण बघतं. लहानपणापासून अब्बा सांगत आले म्हणून तो होता. कदाचित मुळात नसेलच. कदाचित बारीकसा डाग असेल आणि वयानं गेला असेल. खात्री करायची तर अम्मीला विचारायला हवं होतं.

बाहेरून अब्बांनी विचारलं, मेहमुदा आली का? माहनूरनं तोंडावर पाणी मारलं आणि नेहमीचं उत्तर दिलं.

६

अकराव्या बाटलीतल्या पिल्लांच्या डाव्या कल्ल्यामागे एक काळा ठिपका होता.

माशाच्या अंगावरच्या खुणा जोडीनं असतात. डावीकडं ठिपका असला की उजवीकडंही असतो, हे या कामातलं पहिलं पाठांतर. माहनूरनं पिल्लू चिमट्यानं उलटं केलं. उजवी बाजू कोरी. दुसरं उलटं केलं, तिसरं उलटं केलं. बुरशी, तिनं स्वतःला सांगितलं. जखम. परजीवी. तिन्हींना, एकाच जागी, एकाच बाजूला.

एकोणचाळिसावा प्रश्न पडद्यावर येऊन थांबला होता. 'उजव्या करंगळीवर विळीचा व्रण.'

या वेळी तिनं बटणाला हातच लावला नाही. लॅपटॉप मिटला, बाटली कपाटात ठेवली, कपाटाला कडी घातली आणि पुण्याला संदेशला फोन लावला. तो नवलाख उंबरे गावचा, साधा सरळ पोरगा. शपथेवर म्हणाला की असले प्रश्न त्यानं घातलेले नाहीत. आज सगळं बघून उद्या कळवतो म्हणाला. मग थोडं घुटमळून म्हणाला की उत्तर न देता बंद केलंस ना, तर तिथं आपोआप 'अजून नाही' भरलं गेलं असेल, सरांनीच तसं करायला सांगितलं होतं.

घरी भांडी घासताना माहनूरला जाणवलं की राख उजव्या करंगळीला चुरचुरत नाही. नऊ वर्षांची असताना अब्बांच्या गाळ्यावर विळीनं ती करंगळी जवळजवळ तुटली होती. जोडलेल्या जागी पांढरी उंच रेघ होती आणि भांड्यांच्या राखेनं ती रोज चुरचुरे. तिनं हात धुऊन दिव्याखाली धरला. बोट गुळगुळीत होतं. वीस वर्षांत व्रण भरून येतात. कालच्या एका रात्रीत येतात का, ते तिला माहीत नव्हतं. काल होता का, हेही आता ती छातीवर हात ठेवून सांगू शकली नसती.

७

संदेशचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला, आणि त्याचा आवाज हळुवार होता.

जूनमधली एक कच्ची नोंद पडून होती, तो म्हणाला, ती नवी आवृत्ती चढवताना आत आली. तीच बेचाळिसावी. चौदा जूनला दुपारी साडेतीन वाजता तोंडी सांगून भरलेली. चार खुणा. झोपेत डोळे अर्धे मिटतात. डाव्या कानामागे तीळ. उजव्या करंगळीवर विळीचा व्रण. संध्याकाळी घरी येते.

माहनूरला ती दुपार आठवली. तिनं अब्बांना माइकसमोर बसवलं होतं आणि दूध आणायला खाली गेली होती. परत आली तेव्हा ते शांत बसले होते, डोळे पुसत होते. डोळ्यांत काही गेलं का, तिनं विचारलं होतं. स्पिरिट, ते म्हणाले होते.

त्यांना कळलं होतं. आपल्याकडून काय काय जाणार आहे ते त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि जे यंत्र विसरत नाही म्हणून लेकीनं सांगितलं, त्याच्याकडं त्यांनी लेकच ठेवायला दिली होती. माहनूर फोन कानाला धरून रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच रडली, आणि तिला फार बरं वाटलं. सगळ्याचा उलगडा झाला होता. किल्लीला वेड लागलं नव्हतं, तिलाही नाही. तीळ तिनं कधी पाहिलाच नव्हता, व्रण जुना होता, आणि डोळ्यांवर आलं ते स्पिरिटनं आलं. ठिपक्याला अजून नीट कारण सापडलं नव्हतं, पण एवढं जुळल्यावर एका ठिपक्यासाठी कोण अडून बसतं.

संदेश म्हणाला, "नावाच्या जागी काही लिहिलेलं नाही. नुसता आवाज आहे, दोन सेकंदांचा. ओळख पटल्यावरच वाजतो, मधूनच उघडता येत नाही. काढून टाकू ना ही नोंद?"

दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत काय असेल ते सांगायला तिला कुठल्याही किल्लीची गरज नव्हती.

"अजून नाही," माहनूर म्हणाली. "एकदा मला ऐकू दे."

८

सोमवारी गेणूआबा बारावी बाटली घेऊन आले ते दारातच थांबले. आत येईनात. बाटली त्यांनी उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाले की आता तिकडं जाणार न्हाई मी, दुसरा माणूस बघा. माहनूरनं विचारलं, काय झालं? आबा तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"काय न्हाई," ते म्हणाले. "तुमाला पाण्यात बगितल्यागत वाटलं." आणि जिना उतरून गेले.

तिनं बाटली उजेडात धरली. आत तीन पिल्लं. स्पिरिटातली पिल्लं मरून बुडाशी पडतात, ही पडलेली नव्हती. मायक्रोस्कोपमधून तिनं आज फार बघितलं नाही, बघायचंच नव्हतं. अर्धे मिटलेले डोळे एकदा दिसले, डावीकडचा ठिपका दिसला. उजव्या बाजूच्या पराच्या शेवटच्या काडीवर एक पांढरी आडवी रेघ होती. तिनं दिवा मंद केला आणि प्रश्न सुरू केले.

छत्तीस झाले. पुढचे तीन भरलेलेच होते. मग चाळिसावा.

'संध्याकाळी घरी येते: होय / नाही / अजून नाही.'

समोर माशाचं पिल्लू होतं. मासा घरी येत नाही. आयुष्यात एकदा 'नाही'चं बटण दाबायची हीच वेळ होती, आणि ते तिला कळत होतं. पण नाही म्हटलं की बेचाळिसावी नोंद यादीतून गळणार आणि तो आवाज पुन्हा कधी ऐकू येणार नाही, हेही कळत होतं. खिडकीबाहेर ऊन कलायला लागलं होतं. अब्बा आता खाटेवर उठून बसले असतील, दाराकडं तोंड करून. तिला भरून आलं. जणू त्यांनीच समोरून विचारलं होतं, माझी पोर आली का?

"अजून नाही, अब्बा," ती म्हणाली. "निघतेच आता." आणि बटण दाबलं.

आकडा एकावर आला. हिरवी अक्षरं उमटली. ओळख पटली. मग खणखणीत, बाजारातल्या, जूनमधल्या आवाजात अब्बा म्हणाले, "माहनूर."

ती डोळे मिटून बसून राहिली. हेच हवं होतं. एकदाच हवं होतं, आणि मिळाल्यावर लगेच दुसऱ्यांदा हवंसं वाटलं. तिनं डोळे उघडले तेव्हा पडदा सुरुवातीला येऊन थांबला होता आणि कोपऱ्यात आकडा होता एकेचाळीस. बेचाळिसावी नोंद यादीत नव्हती.

बशी आवरायला घेतली तर तीत काही नव्हतं. बाटलीत दोन पिल्लं होती. चिमट्याला चिकटलं असेल म्हणून तिनं चिमटा बघितला, टेबलाखाली बघितलं. फरशीवर पाण्याचे चार-दोन थेंब दारापर्यंत गेले होते. गेणूआबांच्या पिशवीतून गळलं असेल. तिनं फडक्यानं ते पुसून घेतले आणि खोलीला कुलूप लावलं.

९

बाजारातून जाताना तिनं अब्बांसाठी शेंगदाण्याची चिक्की घेतली. त्यांना चावत नसे, पण चोखत बसायला आवडे. आज ती त्यांना सांगणार होती की तुम्ही मला जपून ठेवलं होतं, मी ऐकलं. त्यांना कळलं नाही तरी सांगणार होती. पाय दुखत होते, पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला घरी जावंसं वाटत होतं.

चाळीच्या नळावर शालूबाई हंडा भरत होत्या. माहनूरला बघून त्यांनी नळ बंद केला.

"आता परत कुठं गेली होतीस गं?" त्या म्हणाल्या. "मगाशी आलीस म्हणून मी उठले. चहा टाकते म्हटलं तर बोलली पण नाहीस. आणि भिजलीस कुठं? पाऊस तर नाही."

माहनूर मान हलवून जिना चढली. शालूबाईंचा दिवस कधी कधी गोंधळतो. कालचं आज सांगतात. वय झालं आता.

दाराबाहेर अब्बांच्या चपला होत्या. दार आतून लावलेलं होतं, आणि ते तर ती घरी असतानाच लागे. आत मोरीत नळ चालू होता, बादलीत पाणी पडत होतं. अब्बा बोलत होते. हसत होते. गाळ्यावर ओळखीचं गिऱ्हाईक आलं की हसायचे तसे, मोकळे. तो हसण्याचा आवाज तिनं वर्षभरात ऐकला नव्हता, आणि तो ऐकताना तिच्या हातातली चिक्कीची पुडी गळून पडली.

तिनं कडी वाजवली.

अब्बांनी दार उघडलं. केस विंचरलेले, अंगात धुतलेला सदरा, बटणं नीट लावलेली. त्यांनी तिच्याकडं अदबीनं बघितलं. मग काही न विचारता हात पुढं करून तिचा डावा कान दुमडला, मागं बघितलं आणि सोडून दिला. त्यांची बोटं आधीपासूनच ओली होती. धरणाच्या पाण्याचा वास तिला आला.

"नाही," ते हळूच म्हणाले, तिला वाईट वाटू नये अशा बेतानं. मग वळून आतल्या अंधाऱ्या मोरीकडं तोंड करून त्यांनी हाक मारली. "माहनूर, जरा बाहेर ये गं. दारात कोणी ताई आल्यात. तू ओळखतेस का यांना?"

मोरीतला नळ बंद झाला. ओली पावलं फरशीवर दोन वाजली आणि मोरीच्या पडद्यामागं थांबली.

आधी माहनूरला वाटलं, आपणच बोललो. तिनं बोटं ओठांवर नेली. ओठ मिटलेले होते.

"अजून नाही, अब्बा."